ऋण सोडणे म्हणजे काय? ख्रिस्ती श्रद्धेतील क्षमेचा सराव

आजचा विषय क्षमा. ऐकायला सोपा आहे. 'क्षमा करावी' असे म्हटले की सगळे माना डोलावतात, भांडण काहीच नाही. अडचण घरी गेल्यावर सुरू होते. म्हणून सुरुवात आम्ही आमच्याच एका चुकीपासून करतो.

काही वर्षांपूर्वी आम्ही दोघे-तिघे एका कुटुंबात समेट घडवायला गेलो होतो. दोन सख्खे भाऊ, दोघेही नेमाने देवळात येणारे. वडील गेल्यानंतर घरावरून बिनसले होते. आम्ही शास्त्रवाचन केले, प्रार्थना केली, मन मोठे करण्याविषयी चार शब्द बोललो, दोघांना हात मिळवायला लावले. चहा झाला. आम्ही अगदी समाधानाने परतलो. पुढच्या नाताळच्या उपासनेला बघतो तर एक भाऊ उजवीकडच्या शेवटच्या बाकावर, दुसरा डावीकडच्या पहिल्या. धाकट्याला बाजूला घेऊन विचारले, तर तो म्हणाला, "तुम्ही मला माफ करायला लावलंत. पण काय माफ करायचं, ते कुणी विचारलंच नाही."

हे वाक्य आमच्या मनातून गेलेले नाही. आजचे सगळे बोलणे त्या एका वाक्याचे उत्तर शोधण्यासाठी आहे.

पोटात घालणे आणि सोडणे

आता आपल्या भाषेकडे बघा. क्षमेसाठी मराठीत किती बोलीची रूपे आहेत! 'अपराध पोटात घालणे.' 'पदरात घेणे.' 'झालं गेलं गंगेला मिळालं.' 'जाऊ दे, सोडून दे.' यातले 'पोटात घालणे' फार प्रेमळ आहे. आई लेकराचा अपराध पोटात घालते. पण मोठ्या माणसांच्या व्यवहारात पोटात घातलेली गोष्ट नेहमी पचतेच असे नाही. ती तिथेच राहते, आंबते, आणि दहा वर्षांनी एखाद्या लग्नात, मानपानाच्या किरकोळ गोष्टीवरून, बाहेर येते.

येशूने शिष्यांना जी प्रार्थना शिकवली, जिला आपण 'प्रभूची प्रार्थना' म्हणतो आणि मराठी मंडळ्यांत लहान मुलेही तोंडपाठ म्हणतात, तिच्यात वेगळा शब्द आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात, सहाव्या अध्यायात, अपराधासाठी शब्द आला आहे 'ऋण'. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही तोच: देणे, कर्ज. आणि क्षमा करण्यासाठी जे क्रियापद आहे त्याचा अर्थ 'सोडणे, जाऊ देणे'. म्हणजे ती विनंती अशी आहे की, आम्ही आमच्या देणेकऱ्यांचे देणे सोडले आहे, तसे तूही आमचे सोड. लूकने हीच प्रार्थना देताना पहिल्या भागात 'पापे' असा शब्द घेतला आहे, पण माणसांविषयी बोलताना तोही ऋणाच्याच भाषेत बोलतो.

यातून काय निघते? कर्ज सोडायचे तर आधी कर्ज होते हे मान्य करावे लागते. 'तसं काही झालंच नाही' असे म्हणणारा माणूस कर्ज सोडत नसतो, तो खोटी वही लिहीत असतो. 'जाऊ द्या, माझं काही नाही' असे म्हणत आम्ही त्या दोन भावांकडून तेच करून घेतले. हिशेब वाचलाच नाही, आणि सही मात्र घेतली.

सुप्याचे कागद

ऋणाची ही भाषा पुणे जिल्ह्याला परकी नाही. 12 मे 1875 रोजी सुपे गावात बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर आणि घरांवर चाल केली. तिथून हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत पसरले. इतिहासात याला 'दख्खनचे दंगे' म्हणतात. त्या लोकांना प्रामुख्याने हवे होते ते कागद: कर्जखते, रोखे, हुकूमनामे. ते मिळवायचे आणि जाळायचे. ब्रिटिश सरकारला चौकशी समिती नेमावी लागली आणि 1879 मध्ये शेतकऱ्यांना कर्जातून दिलासा देणारा कायदा करावा लागला.

कागदाची ती भीती लक्षात घ्या. घरात एक कागद आहे, त्यावर आजोबांचा अंगठा आहे, आणि त्या कागदाने नातवाचीही जमीन बांधली आहे. कलस्सैकरांना लिहिलेल्या पत्रात वधस्तंभाविषयी लिहिताना नेमका असाच शब्द वापरला आहे: हाताने लिहून दिलेले खत. आपल्याविरुद्ध असलेले ते खत देवाने रद्द केले, वधस्तंभाला खिळून टाकले, अशी ती कल्पना आहे. सुप्यात कागद जाळला तो कर्जदाराने. शुभवर्तमानात कागद फाडतो तो ज्याचे येणे आहे तो. ख्रिस्ती क्षमेचा सगळा पाया या एका फरकावर उभा आहे. माणसाने क्षमा करायची ती अंगी मोठेपणा आहे म्हणून नाही. आपलाही कागद कुणीतरी फाडला आहे, म्हणून.

शंभर दिनार म्हणजे थोडे नाहीत

मत्तयाच्या अठराव्या अध्यायातला दाखला तुम्हाला माहीत असेल. एका राजाच्या चाकरावर दहा हजार तलांतांचे कर्ज होते. राजाने ते सोडले. तोच चाकर बाहेर पडला, आणि शंभर दिनार देणे असलेल्या सोबत्याचा त्याने गळा धरला, त्याला तुरुंगात टाकले. हा दाखला आपण बहुतेक वेळा असा सांगतो की, बघा, एवढ्याशा रकमेसाठी काय हे! पण जरा हिशेब करू या.

एक दिनार म्हणजे त्या काळची मजुराची एका दिवसाची मजुरी. हे मत्तयाच्याच विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्याच्या दाखल्यात दिसते. एक तलांत म्हणजे साधारण 6,000 दिनार. म्हणजे दहा हजार तलांत झाले 6 कोटी दिवसांची मजुरी. वर्षाला 300 दिवस काम धरले तरी 2 लाख वर्षे. फेडणे शक्यच नाही. हे ऐकणाऱ्यांना तेव्हाही कळले असणार, बहुधा ते हसलेही असतील.

आता दुसरी बाजू. शंभर दिनार म्हणजे शंभर दिवसांची मजुरी. तीन-चार महिन्यांची कमाई! रोजंदारीवर जगणाऱ्याला विचारा, ही रक्कम 'एवढीशी' आहे का. येशूने इथे मुद्दाम दोन दिनार किंवा पाच दिनार म्हटलेले नाही. दुसऱ्याने आपले जे नुकसान केले ते क्षुल्लक आहे, असे हा दाखला म्हणत नाही. ते खरे नुकसान आहे, दुखणारे आहे. फक्त, आपल्याला जे सोडले गेले त्याच्या सहा लाखावा हिस्सा आहे. म्हणून पुढच्या वेळी कुणी रडत आपले दुःख सांगत असेल, तर 'एवढंसं काय मनाला लावून घेतेस' असे म्हणू नका. तिच्या शंभर दिनारांना शंभरच म्हणा.

आणि हा अध्याय कोणत्या क्रमाने येतो तेही बघण्यासारखे आहे. सुरुवातीला लहानग्यांविषयी बोलणे आहे: त्यांना अडखळण आणणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून त्याला समुद्रात बुडवावे, इतका कडक शब्द आहे. मग, भावाने अपराध केला तर त्याच्याकडे जा, एकांतात त्याला त्याचा दोष दाखव. ऐकले नाही तर एक-दोघांना घेऊन जा. तरीही ऐकले नाही तर मंडळीला सांग. हे सगळे झाल्यावर पेत्र विचारतो, किती वेळा क्षमा करू, सात वेळा? आणि उत्तर मिळते सातच्या सत्तरपट. म्हणजे आधी दुबळ्याचे संरक्षण, मग दोष तोंडावर सांगणे, मग न मोजता क्षमा. आम्ही त्या भावांच्या घरी पहिल्या दोन पायऱ्या गाळून एकदम तिसरीवर उडी मारली होती.

लक्ष्मीबाईंनी काय केले

आता आपल्याच मातीतले एक उदाहरण. नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक.

टिळक राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला, आणि वाचता वाचता ते डोंगरावरील प्रवचनाशी थांबले, तिथेच खिळले, ही हकिकत प्रसिद्ध आहे. आपण ज्या प्रार्थनेबद्दल बोलतो आहोत ती याच प्रवचनात आहे. पुढे 1895 च्या फेब्रुवारीत टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई तेव्हा त्यांच्याबरोबर नव्हत्या. त्या काळच्या ब्राह्मण घरातल्या बाईच्या दृष्टीने याचा अर्थ काय होतो? नवरा जिवंत आहे, पण संसार संपला. पदरात मूल आहे, चार लोक दया दाखवतात, चार लोक बोटे मोडतात. क्षमेची शिकवण ज्याच्या काळजाला भिडली, त्याच्याच हातून बायकोवर हा एवढा मोठा घाव पडला. हे आपण लपवायचे कारण नाही, कारण स्वतः लक्ष्मीबाईंनी ते लपवलेले नाही.

सुमारे पाच वर्षे त्यांची ताटातूट होती. मग दोघे पुन्हा जवळ आले, पण एका रात्रीत सगळे गोड झाले असे नाही. लक्ष्मीबाई आल्या त्या स्वतःच्या अटींवर. आपले सोवळे, आपले स्वयंपाकपाणी त्यांनी काही काळ वेगळेच ठेवले. त्यांचे मन बदलले ते त्यांच्या स्वतःच्या गतीने, आणि 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो नवरा म्हणाला म्हणून नव्हे, स्वतःला पटले म्हणून.

त्यानंतर जवळजवळ दोन दशके त्यांनी संसार केला. 1919 मध्ये टिळक गेले. आणि 1934 पासून 'स्मृतिचित्रे' भागाभागाने प्रसिद्ध होऊ लागले. ते पुस्तक वाचलेल्यांना ठाऊक आहे की तिथे टिळकांचा राग आहे, न सांगता घरातून निघून जाणे आहे, हातात पैसा न टिकणे आहे, आणि ती मोठी ताटातूटही आहे. एकही नोंद गाळलेली नाही. तरीही पुस्तक वाचून संपल्यावर टिळकांविषयी मनात कडवटपणा उरतो का? नाही उरत. उलट माणूस आवडतो. हे कसे झाले? आम्हाला वाटते, लक्ष्मीबाईंनी हिशेब पुरता लिहिला, पण वसुली केली नाही. आणि एवढ्यावरच थांबल्या नाहीत. टिळकांनी अर्धवट ठेवलेले 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य पुढे त्यांनी पूर्ण केले.

एक सावधगिरी इथेच सांगतो. हे उदाहरण घेऊन कुणी एखाद्या मार खाणाऱ्या बाईला 'लक्ष्मीबाईंसारखी परत जा' असे सांगू नये. लक्ष्मीबाईंना कुणी ढकलले नव्हते. परत जाणे हा त्यांचा निर्णय होता, वेळही त्यांनीच ठरवली.

हक्कसोडपत्र

पुण्यात घरजागेचे व्यवहार केलेल्या प्रत्येकाला एक कागद माहीत असतो: हक्कसोडपत्र. क्षमा समजून घ्यायला आम्हाला हा कागद फार उपयोगी वाटतो. त्यात तीन गोष्टी आहेत.

पहिली: ज्याचा हक्क आहे तोच तो सोडू शकतो. बहिणीच्या वाट्यावर शेजाऱ्याने सही करून चालत नाही. तसेच, ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या वतीने पाळकाने, सासऱ्याने किंवा मंडळीच्या कमिटीने क्षमा करून टाकायची नसते.

दुसरी: हक्क आधी मान्य असावा लागतो. नसलेला हक्क सोडता येत नाही. म्हणून आधी दोष नाव घेऊन सांगायचा.

तिसरी: सही राजीखुशीने हवी. किती बहिणींकडून 'माहेर तुटेल हं' असे म्हणून सह्या घेतल्या गेल्या, हे आपल्याला माहीत आहे. दबावाखाली घेतलेल्या सहीवर उद्या वाद उभा राहू शकतो. 'तुम्ही ख्रिस्ती ना? मग माफ केलंच पाहिजे, आत्ताच्या आत्ता' हाही दबावच. क्षमेची आज्ञा आहे, हे खरे. पण ती आज्ञा दुखावलेल्याला देवाने दिलेली आहे, दुखावणाऱ्याच्या हातात दिलेले ते हत्यार नव्हे. दुखावणाऱ्यासाठी वेगळी आज्ञा आहे: वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि आठवले की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी जाऊन समेट कर. म्हणजे चालत जायचे कुणी? ज्याने दुखावले त्याने.

सराव कसा करायचा

क्षमा एका प्रार्थनेत संपत नाही. सातच्या सत्तरपट याचा अर्थ आपण 'सत्तर वेगवेगळे अपराध' असा घेतो. पण अनुभव असा की एकच अपराध सत्तर वेळा सोडावा लागतो. सकाळी सोडला, दुपारी कुणीतरी विषय काढला, पुन्हा मुठीत आला. यात तुमची श्रद्धा कमी पडली असे नाही. सराव म्हणतात तो हाच.

आम्ही ज्यांच्याबरोबर बसतो त्यांना चार साध्या गोष्टी सुचवतो. एक, काय घडले ते कागदावर लिहा, तारखेनिशी, विशेषणे न लावता. 'तो नीच आहे' असे नको. 'त्याने मला न विचारता अमुक केले' असे. दोन, त्यामुळे आपले काय गेले ते लिहा: पैसा, झोप, नाते, अब्रू. तीन, यातली कोणती वसुली तुम्ही अजून करत आहात ते बघा. अबोला ही वसुली आहे. चारचौघांत टोमणा मारणे ही वसुली आहे. आपल्या मुलांना त्यांच्या काकाविषयी सांगत राहणे ही तर चक्रवाढ व्याजाने वसुली! चार, त्यातली एक वसुली आज थांबवा. सगळ्या नाही, एक. आणि देवाजवळ तसे बोला. प्रभूची प्रार्थना रोज म्हणायची आहे, भाकरीच्या मागणीला लागूनच ऋण सोडण्याची ओळ आहे. भाकर जशी रोजची, तशीच क्षमाही.

श्रोत्यांचे प्रश्न

*क्षमा केली तर पोलिसांत किंवा कोर्टात जायचे नाही का?*

या प्रश्नाला शब्दांपेक्षा एक जीवनच उत्तर देते. 1999 च्या जानेवारीत, 22 आणि 23 तारखेच्या मधल्या रात्री, ओडिशातल्या मनोहरपूर गावात ग्रॅहॅम स्टेन्स आणि त्यांची दोन मुले, दहा वर्षांचा फिलिप आणि सहा वर्षांचा टिमोथी, गाडीत झोपलेले असताना त्यांना जिवंत जाळण्यात आले. स्टेन्स बारीपदा इथे कुष्ठरोग्यांत काम करत होते. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे जाहीरपणे सांगितले. पण क्षमा एक आणि गुन्ह्याचे परिणाम दुसरे, यांची गल्लत त्यांनी कधी केली नाही. खटला चालला. मुख्य आरोपीला 2003 मध्ये फाशीची शिक्षा झाली, उच्च न्यायालयाने 2005 मध्ये ती जन्मठेपेवर आणली, आणि 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम केली. ग्लॅडिस मात्र पुढची काही वर्षे इथेच राहून रुग्णांची सेवा करत होत्या. 2005 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांनी सोडला तो सूड. न्याय सोडला नाही, तो त्यांचा एकट्याचा नव्हताच, समाजाचाही होता. मुलांवर किंवा बायकांवर अत्याचार झाला असेल तर तक्रार करणे हे क्षमेच्या विरुद्ध नाही. अठराव्या अध्यायाची सुरुवात आठवा.

*समोरच्याला पश्चात्तापच नसेल तर?*

तर तुम्ही तुमच्या बाजूने कागद सोडू शकता, पण समेट होणार नाही. क्षमेला एक माणूस पुरतो, समेटाला दोन लागतात. विश्वास तर त्याहून सावकाश येतो, तो वागण्यातून पुन्हा कमवावा लागतो. या तीन गोष्टी वेगळ्या ठेवल्या तर अर्धा गोंधळ मिटतो.

*त्या दोन भावांचे पुढे काय झाले?*

हा प्रश्न येणार हे माहीत होते. आम्ही पुन्हा गेलो. या वेळी हात मिळवायला सांगितले नाही. धाकट्याला म्हटले, तुझ्या मनात काय काय आहे ते वाचून दाखव. त्याने वहीचे दीड पान लिहून आणले होते. थोरला मधे बोलायला गेला, आम्ही त्याला थांबवले. ऐकून झाल्यावर तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "दवाखान्याची बिलं तू एकट्यानं भरलीस, हे मला माहीत होतं. मी माहीत नसल्यासारखं केलं." घराचा प्रश्न अजून सुटलेला नाही, वकील दोघांचेही आहेत. पण गेल्या नाताळला दोघे एकाच बाकावर बसले होते. मधे त्यांची आई होती.

पुढच्या व्याख्यानात आपण दुसरी बाजू घेऊ: क्षमा मागायची कशी. ते याहून अवघड आहे. तोवर त्या चार गोष्टींतली निदान पहिली करून बघा. कागद आणि पेन पुरे आहे.